दाराकडं तोंड करून

छातीत दुखायला लागलं की माणूस मानेकडं कशाला बघंल? मीही बघितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले आलेत आणि तरीही छातीत दुखतंय, ज्यांच्याकडं घरचे आता जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागलेत, त्यांच्यासाठी.

पण आधी एक सांगते. छातीत दुखलं तर पहिल्यांदा दवाखाना गाठा. ईसीजी काढा, डॉक्टर सांगतील ते करा. माझं वाचून "आपलंही मानेचंच असंल" म्हणून कुणी घरात बसलं, तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर नको. मी डॉक्टर नाही. लातूरला क्लासच्या पोरापोरींसाठी मेस चालवते. भाकरी थापते, वरण घोटते, आणि तोंडानं फटकळ आहे असं आमचे हे सगळ्यांना सांगत असतात.

टमटम

भाजी आणायला मी मंडईत जाते ती टमटममधून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. मागं भाजी असते ना, मग बसायचं कुठं? एके दिवशी माझी लेक अनू सुट्टी होती म्हणून सोबत आली होती आणि मागं कोबीच्या पोत्यावर बसली होती. रस्त्यात एक स्पीडब्रेकर होता, त्याला ना पट्टा ना खूण. गाडी उडाली, माझं डोकं टपाला आदळलं आणि मान कट्ट वाजली. ड्रायव्हर घाबरला.

"लागलं का हो ताई?"

"मला न्हाई लागलं. तुझ्या टपाला पोचा आला का बघ बाबा."

असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. त्या दिवशी आखडलेल्या मानेनं भाकरी केल्या. बाम चोळला, वीट गरम करून शेकलं. आठवड्याभरात मान हलायला लागली आणि मी विसरून गेले. मेसवाल्या बाईला दुखणं लक्षात ठेवायला सवड कुठं असते?

पहिली कळ

पुढं बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी वरणाचं पातेलं उचलताना डाव्या छातीत कळ आली. कुणी तरी मूठ आवळून आतून ढकलावं तशी. मग ती दंडात उतरली आणि बोटांना मुंग्या आल्या. मी पातेलं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसले. घाम फुटला.

तो घाम दुखण्याचा नव्हता, भीतीचा होता. ती भीती समजायला तुम्हाला माझं माहेर सांगावं लागंल. माझं माहेर किल्लारी. भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. आमचं घर माळवदाचं होतं, वर लाकडांवर मातीचं सपाट छत आणि खाली दगडामातीच्या जाड भिंती. ते सगळं अंगावर आलं. माळवदाचं एक लाकूड माझ्या छातीवर आडवं पडलं होतं, डाव्या बाजूनं. श्वास घ्यायला जागा होती, पण थोडीच. माझ्या डावीकडं माझी मोठी बहीण सुशी होती. ती दिसत नव्हती, तिचा नुसता आवाज येत होता. मग तोही यायचा थांबला. मला बाहेर काढलं, तिलाही काढलं, पण मला एकटीलाच दवाखान्यात नेलं.

आता त्याच जागी दुखायला लागलं. अगदी त्याच जागी. मला वाटलं, राहिलेलं काम करायला ते लाकूड परत आलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आमचे हे विचारायला लागले तर म्हटलं, "ॲसिडिटी झाली असंल."

रिपोर्ट चांगले आले तो दिवस

महिनाभर मी तसंच रेटलं. एकदा पोरं जेवत असताना मी भिंत धरून उभी राहिले, तेव्हा ह्यांनी सरळ दवाखान्यात नेलं. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, एको केला, फिरत्या पट्ट्यावर पळवलं. साडी नेसून आलेल्या बाईला पट्ट्यावर पळवायचं म्हणजे तिथल्या सिस्टरबाईचीच परीक्षा. तिनं पदर खोचून दिला आणि म्हणाली, "पळा मावशी, कुत्रं मागं लागलंय समजा."

डॉक्टरांनी कागद नीट बघितले आणि म्हणाले, "तुमचं हृदय उत्तम आहे. काळजीचं कारण नाही."

ह्यांनी तिथल्या तिथं हात जोडले. अनूच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी? मी आतून गार पडले. हृदय चांगलं आहे तर मग दुखतंय काय? म्हणजे ते माझ्या मनातच आहे. म्हणजे ते लाकूडच आहे. मरायची भीती परवडली, पण डोकं फिरल्याची भीती लई वाईट. ती माणसाला बोलताही येत नाही.

गॅसच्या गोळ्या झाल्या, झोपेच्या झाल्या. दुखणं जाईना. घरातलं बोलणं हळूहळू बदललं. ह्यांचा स्वभाव तसा गरीब, पण माणूस किती ऐकणार? एक दिवस म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल हायत ना निर्मला? मग खामखा कशाला मनाला लावून घेतेस?"

मी हातातली परात आपटली. "मी काय नाटक करून राहिले का? मेल्यावर तरी खरं वाटंल का तुम्हाला?"

समोर पोरं जेवत होती. त्यांच्या हातातले घास तसेच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनू

मला खरी टोचणी होती ती अनूची. अनू बारावीला. सगळ्या महाराष्ट्रातून पोरं शिकायला लातूरला येतात आणि त्यांची मेस चालवणाऱ्या बाईची पोरगी घरी बसली तर काय म्हणावं? ती क्लास बुडवायला लागली. "आज डोकं दुखतंय," "आज सरांनीच सुट्टी दिली." मी भाकरी थापायला बसले की ही पुस्तक घेऊन समोर बसणार, आणि नजर पुस्तकात नाही, माझ्यावर.

मी लहानपणापासून दाराजवळ झोपते. किल्लारीकडच्या माझ्या वयाच्या बायाबाप्यांना विचारून बघा, असे लई जण सापडतील. नवी घरं मिळाली, वर्षं उलटली, तरी आतल्या खोलीत जीव घुसमटतो. दाराला कडी लावायची नाही, पाय मोकळे ठेवायचे, तोंड दाराकडं. लग्नाच्या वेळी सासरच्यांना वाटलं, पोरगी पळून जायच्या तयारीत आहे. पुढं सवय झाली त्यांना. त्यात आता शेजारच्या काकूंनी सांगितलं की छातीच्या पेशंटनं उंच उशी घ्यावी. मग मी उशीवर उशी रचली आणि अर्धी बसून, मान वाकडी करून दाराकडं बघत पडायला लागले. सकाळी उठले की दुखणं दुप्पट.

आणि अनूनं तिचं अंथरूण माझ्या शेजारी आणून टाकलं. मला डुलकी लागली की तिचा हात माझ्या नाकापुढं यायचा. श्वास चालू आहे का बघायला. मी डोळे मिटूनच असायची, पण मला कळायचं. क्लासच्या सरांचा फोन आला, पोरगी वर्गात झोपते म्हणून. त्या दिवशी मी देवघरापुढं बसून रडले. माझं काय व्हायचं ते होऊ दे बाई, पण माझ्या दुखण्यानं पोरीची जिंदगी खाऊ नको, एवढंच मागितलं.

माहूर

ह्यांनी माहूरला देवीची ओटी भरायचा नवस बोलला होता. मी म्हटलं, "पायऱ्या चढताना मेले तर देवीवर बालंट येईल." पण गेलो. माझा मोठा भाऊ नांदेडला सरकारी नोकरीत आहे, त्याच्याकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दादालाही घेऊन गडावर.

सगळ्या पायऱ्या चढले. धाप लागली, पाय भरून आले, पण छाती गप्प. देवीपुढं उभी राहिले तेव्हा वाटलं, बरी झाले. उतरताना अनू मागं राहिली होती. तिला हाक मारायला मी मान वळवून मागं बघितलं आणि सणकन कळ आली. तिथंच पायरीवर बसले. अनू धावत आली ती पांढरीफटक होऊन. येणारे जाणारे थांबले. कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं, "देवीचा कोप हाय, काही तरी राहिलंय तुमचं."

दादा म्हणाला, "कोप-बिप काही न्हाई. उद्या नांदेडच्या डॉक्टरला दाखवायचं. मी सोडत न्हाई आता."

दाखवा बरं, झोपता कशा

नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरचे सगळे कागद वाचले, पुन्हा ईसीजी काढला. मग विचारलं, "चढताना दुखलं का उतरताना?" मी पायरीवरचं सांगितलं. "मानेला कधी मार लागला होता?" मी म्हटलं, "न्हाई." खरंच आठवलं नाही मला. त्यांनी चिठ्ठी लिहून खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं. मी दादाला म्हटलं, "दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला. छाती दुखतीय आणि हे हातपाय हलवायला पाठवून राहिलेत."

तिथल्या पल्लवी मॅडम माझ्याच वयाच्या, देगलूरच्या. त्यांनी हात लावायच्या आधी नुसतं विचारलं. काय उचलता, कसं बसता, कुठल्या हातानं भाकरी थापता. लई दिवसांत कुणी इतकं विचारलं नव्हतं. मानेला मार लागला का, हे त्यांनीही विचारलं. मी पुन्हा "न्हाई" म्हणणार, तेवढ्यात अनू बोलली, "आई, टमटम!"

मॅडमनी मान इकडं तिकडं वळवायला लावली, हात वर करायला लावले, छोट्या हातोडीनं कोपरावर ठोकून बघितलं. मग मागं उभ्या राहिल्या आणि मानेच्या खाली, डाव्या बाजूला, एका जागी अंगठा दाबला.

कळ आली. मानेत नाही, छातीत. तीच ती, डाव्या छातीत, दंडात उतरणारी.

"हेच! हेच ते! अहो मॅडम, हेच!" मी ओरडले आणि मला रडू फुटलं. त्यांनी अंगठा काढला, कळ गेली. पुन्हा दाबला, आली.

"दुखलं म्हणून आनंदानं रडणारी बाई आजच बघितली मी," मॅडम म्हणाल्या. "ताई, तुमच्या हृदयाला काही झालेलं न्हाई. आणि तुमच्या डोक्यालाही न्हाई. मानेतून ज्या नसा निघतात, त्यातल्या काही छातीकडं आणि हातात जातात. मान दुखावली, पण ओरडतीय छाती. दुखणं खरंच हाय."

दुखणं खरंच आहे. हे वाक्य ऐकायला मी किती तरसले होते, ते माझं मला ठाऊक.

मग त्यांनी विचारलं, "पण इतके दिवस झाले, मान बरी व्हायला पाहिजे होती. झोपता कशा तुम्ही? दाखवा बरं."

तिथल्या खाटेवर मी उशा रचल्या, अर्धी बसले आणि दाराकडं मान वळवली. मॅडम बघत राहिल्या. मग त्यांची नजर अनूकडं गेली. अनू भिंतीजवळ स्टुलावर बसली होती आणि तिची मान माझ्याकडं वळलेली होती.

"तू कशी झोपतीस गं?"

"मी आईकडं तोंड करून झोपते," अनू म्हणाली. "मान आखडते सकाळी. पण बघावं लागतं ना."

मला वाटलं कुणी तरी छातीवर पुन्हा लाकूड ठेवलं. त्या खोलीत, त्या खाटेवर बसून, मी पहिल्यांदा अनूला सगळं सांगितलं. मावशी भूकंपात गेली एवढंच तिला माहीत होतं. सुशी काय म्हणाली होती, ते मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. सुशी म्हणाली होती, "निमे, झोपू नको. दाराकडं बघत राहा. बाबा तिकडूनच येतील." तिथं दार कुठं होतं? नुसता अंधार होता. पण ती म्हणाली तिकडं मी बघत राहिले. तिचा आवाज थांबला तरी बघत राहिले. अजून बघूनच राहिले होते.

दादा दारात उभा होता. भूकंपाच्या रात्री तो मामाकडं होता, म्हणून वाचला. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

मान खाली ठेवणं

मी दादाकडंच राहिले आणि रोज मॅडमकडं जायला लागले. अनूला ह्यांच्यासोबत लातूरला पाठवलं. ती जायला तयारच नव्हती. मी म्हटलं, "मॅडमनी सांगितलंय मरणार न्हाई म्हणून. त्यांच्या शब्दाला काही किंमत हाय का न्हाई?" तेव्हा गेली.

मॅडम हलक्या हातानं मान सैल करायच्या, शेक द्यायच्या. मग व्यायाम. हनुवटी आत घ्यायची, खांदे मागं न्यायचे, रबरी पट्टा ओढायचा. दिसायला सोपं, पण पहिल्या आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात लई शिव्या दिल्या. एकदा तोंडातूनच निघाली एक. त्या म्हणाल्या, "द्या, द्या. शिवी देताना हनुवटी मात्र आत ठेवा."

सगळ्यात अवघड होतं ते सरळ उताणं पडणं. एकच पातळ उशी, नाक छताकडं, दार लावलेलं. पहिल्यांदा दार लावलं आणि मी धडपडून उठून बसले. छत खाली येतंय असं वाटलं. खरंच दिसलं मला तसं. मॅडमनी मुकाट्यानं दार उघडलं. पुढं दार थोडं लोटायच्या, मग आणखी थोडं. रागावल्या एकदाही नाहीत.

मान दाबली की कधी कधी सुशीचा आवाज यायचा, डावीकडून. हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मान मी बघते. आवाजाचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. त्याला मनाच्या डॉक्टर हायत, त्यांच्याकडं जा. त्यात लाज कसली?" गेले. तिथं काय बोलले ते माझ्यापाशीच राहू द्या. एवढंच सांगते की गेल्यानं वाईट झालं नाही.

वहिनी रोज ताटात काही तरी वेगळं वाढायची आणि विचारायची काहीच नाही. आजारी माणसाला तेही लई असतं.

छातीतली कळ हळूहळू विरळ झाली. एक दिवस लक्षात आलं की रिक्षातून उतरताना मागं वळून बघितलं आणि काहीच झालं नाही. मी रस्त्यात उभी राहून चार वेळा मागं बघितलं. रिक्षावाल्याला वाटलं, बाईचं काही तरी राहिलंय गाडीत.

घर

लातूरला परत आले तर मेसची पोरं टाळ्या वाजवायला लागली. "काकू, बरं झालं आलात. काकांच्या भाकरीनं दात हलले आमचे." ह्यांनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या काढून सगळी जड पातेली कमरेच्या उंचीवर मांडली होती. नंतर चहा देताना म्हणाले, "मला तेव्हा कळलं न्हाई गं." मी म्हटलं, "मला तरी कुठं कळलं होतं."

भीती गेली असं मी लिहिणार नाही. जास्त भाकरी झाल्या की छातीत अजून हलकी कळ येते आणि क्षणभर काळजात धस्स होतं. मग मी हनुवटी आत घेते, खांदे मागं नेते, वाट बघते. कळ जाते. सुशी मात्र अधूनमधून येते. यायचीच.

मागच्या रविवारी दुपारी पोरांची जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि उताणी पडले. थोड्या वेळानं दार उघडल्याचा आवाज आला. अनू क्लासची परीक्षा देऊन आली होती. ती जवळ आली, वाकली, आणि तिचा हात माझ्या नाकापुढं आला.

"जिवंत हाय," मी डोळे न उघडता म्हटलं. "दार लाव आणि पड इथं."

ती शेजारी पडली, माझ्याकडं तोंड करून.

"तिकडं तोंड कर. भिंतीकडं."

"मग तुझ्याकडं कोण बघंल?"

"कुणी बघायची गरज न्हाई. मी कुठं जात न्हाई. तू झोप बाई."

ती वळली. तिची पाठ माझ्याकडं झाली आणि मला तिचा श्वास ऐकू यायला लागला, आधी अडखळत, मग सावकाश. छताकडं बघत मी पडून राहिले. डावीकडून सुशी म्हणाली, झोपू नको. मला ऐकू आलं. मी मान वळवली नाही.

अंधार पडल्यावर मेसची पोरं आली आणि नेहमीप्रमाणं ताटं वाजवायला लागली. मी हळूच उठले, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "गप बसा रे. आज जरा उशिरा जेवा. माझी पोरगी झोपलीय."